सोसायटीच्या सभेत डोकं थंड कसं ठेवायचं? (एका खजिनदाराचा प्रश्न)

नाइलाजाने_खजिनदार

मंडळी, धागा जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

आमची सोसायटी ठाण्यातली, तीन विंग, ५६ सदनिका. गेल्या निवडणुकीत कुणीच उभं राहिना म्हणून खजिनदारपद माझ्या गळ्यात पडलं. हिशेब मला जमतात, तो प्रश्न नाही. प्रश्न आहे बी विंगमधल्या एका सभासदांचा. त्यांना आपण क्ष म्हणू.

क्ष साहेब निवृत्त आहेत, हुशार आहेत, नियम वाचून येतात. सभेला प्लास्टिकचं फोल्डर घेऊन शेवटून दुसऱ्या रांगेत बसतात, म्हणजे ते बोलायला उभे राहिले की सगळ्यांना माना वळवाव्या लागतात. विषय क्रमांक एक, ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’, हा एरवी दोन मिनिटांचा मामला. गेल्या वर्षी तो तासभर चालला. सुरुवात ठरलेली. चष्मा दोरीला लटकवायचा आणि अगदी हळू आवाजात, "मॅडम, एक साधा प्रश्न आहे." प्रश्न पंपदुरुस्तीच्या ४,२०० रुपयांचा. बिल दाखवलं. मग बिलावर जीएसटी क्रमांक का नाही? सांगितलं, मेकॅनिक लहान आहे, त्याला नोंदणी लागत नाही. "म्हणजे तुमच्या ओळखीचा आहे." इथून आवाज चढायला लागतो तो थेट "ही कमिटी आहे की टोळी" पर्यंत. मग दोघं त्यांच्या बाजूनं, चौघं विरुद्ध, आणि उरलेले मोबाइल वर करून शूटिंग करतायत. बटाटेवडे गारढोण. त्याच रात्री पावणेबाराला ग्रुपवर त्यांचा मेसेज, शेवटी प्रश्नचिन्हांची रांग.

माझी अडचण अशी की मी तोंडानं काही बोलत नाही, पण आतून नुसती उकळत असते. कान तापतात, हातातला कागद थरथरतो आणि तो सगळ्यांना दिसतो, आणि मग एकदम आवाज चिरकतो. शेवटी लोकांच्या लक्षात काय राहतं, तर "खजिनदारबाई फार चिडतात बुवा".

सप्टेंबरात वार्षिक सभा आहे. "दुर्लक्ष कर" सोडून काय ते सांगा. ते मला नवऱ्यानं, आईनं आणि वॉचमननं सांगून झालंय.

---

बोकोबा

वाचतोय. आमच्याकडेही एक आहेत. बिल्डर ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) वेळेवर देत नाही, पण प्रत्येक बिल्डिंगमागे असा एक सभासद मात्र न विसरता देतो.

---

गोदाकाठ

ताई, आम्ही पैठणचे. एकनाथ महाराजांची आख्यायिका ठाऊकच असेल. नाथ गोदेवर स्नान करून परतताना एक जण त्यांच्या अंगावर थुंकायचा. नाथ पुन्हा नदीवर. असं एकशे आठ वेळा झालं, आणि नाथांनी त्याचेच आभार मानले, तुझ्यामुळे एवढी गोदास्नानं घडली म्हणून. इतका क्षमाभाव अंगी आला तर कोण काय करणार?

---

बोकोबा

@गोदाकाठ, नाथांबद्दल आदर आहेच. पण नाथांना संध्याकाळी त्याच माणसाच्या शेजारी गाडी लावायची नव्हती आणि त्याच्या मेंटेनन्सचा चेक बाउन्स झाल्याचं पत्रही पाठवायचं नव्हतं.

---

कडक_इस्त्री

एवढं कशाला चालवून घेता? ठराव करा आणि काढून टाका सोसायटीतून. एकदा धडा मिळाला की बाकीचेही सरळ होतील.

---

निवृत्त_सहकारी

@कडक_इस्त्री, काढून टाका म्हणणं सोपं आहे. मी सहकार खात्यात नोकरी केली आहे, म्हणून सांगतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधलं कलम ३५ पाहा. सभासदाला काढायचं तर त्याला आधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, सर्वसाधारण सभेत हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांश मतं लागतात आणि वर सहकार खात्याच्या निबंधकांची मान्यता लागते. "सभेत मोठ्यानं बोलतो" या कारणावर ती मिळत नसते. उलट त्या माणसाला पुढची काही वर्षं पुरेल एवढं काम मात्र मिळतं.

खजिनदारबाई, तुम्हाला एक विचारतो. या गृहस्थांचा एखादा अर्ज दफ्तरात उत्तराविना पडला आहे का? शोधून सांगा.

---

डबलबेल

नमस्कार. मी एसटीत वाहक आहे, सातारा भागात. मीटिंगा वगैरे मला कळत नाहीत, पण भांडणं रोज बघतो, तीही पन्नास माणसांसमोर.

आमच्याकडं भांडणाचं मूळ म्हणजे सुट्टे पैसे. तेवीस रुपयांचं तिकीट, माणूस देतो पाचशेची नोट, पहिल्याच स्टॉपला. आता नवीन पोरगा असेल तर तो बोलतो, "सुट्टे घेऊन यायला काय होतं?" झालं, वडूजपर्यंत करमणूक. मी काय करतो, तिकिटाच्या मागं बाकी रक्कम लिहितो आणि हातात देतो. तोंडानं "देतो की हो" म्हटलं तर माणूस दर पाच मिनिटाला हाक मारतो. लिहून दिलं की तोच माणूस झोपी जातो. त्याला पैशाची काळजी नसती, मी विसरीन याची असती.

मार्च २०२३ ला बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा तर रोजचा तमाशा. बापई माणसं म्हणायची, पूर्ण पैसे आम्ही द्यायचे आणि उभं पण आम्हीच राहायचं का? त्याच्या आधी ऑगस्ट २०२२ ला पंच्याहत्तरच्या पुढच्यांना मोफत झालं, तेव्हा आधार कार्ड घरी विसरलेली म्हातारी माणसं. "माझ्या तोंडाकडं बघून वय कळत नाही व्हय रं तुला?" आता यावर वाद घालून कुणाचं भलं व्हायचंय? मी एकच विचारतो, "आजोबा, कुठं उतरायचंय?" पुन्हा बोलले, पुन्हा तेच, त्याच आवाजात. कुठं उतरायचंय. कारण तिकीट तर फाडायचंच आहे, आणि त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला माणसाला भांडणातनं जरा बाहेर यावं लागतं.

आणखी एक. बोलताना मी सीटच्या बाजूला वाकून बोलतो. वर उभं राहून बोललं की त्याला वाटतं सगळी गाडी बघतीय, आणि मग तो गाडीसाठी बोलायला लागतो.

गाडी मात्र थांबवायची नाही. मारामारीच झाली तर गोष्ट वेगळी, मग सरळ पोलीस ठाण्यात. पण नुसत्या बडबडीला गाडी थांबवली की बाकीच्या पन्नास जणांचा उशीर होतो आणि तेही भांडणात उतरतात.

---

नाइलाजाने_खजिनदार

@डबलबेल, दादा, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवला. "कुठं उतरायचंय" डोक्यात बसलंय.

@निवृत्त_सहकारी, दफ्तर काढलं. आधीच्या कमिटीच्या काळातले त्यांचे दोन अर्ज आहेत, बेडरूमच्या भिंतीला बाहेरून ओल येते म्हणून. पोच दिलेली आहे, उत्तराची प्रत कुठेच नाही.

---

निवृत्त_सहकारी

वाटलंच होतं. आदर्श उपविधींनुसार (म्हणजे सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) बाहेरच्या भिंतीतून, गच्चीतून येणारं पावसाचं पाणी आणि सामाईक पाइपांची गळती ही संस्थेची जबाबदारी असते. सदनिकेच्या आतल्या शौचालयाची वा सिंकची गळती सभासदाची. म्हणजे हे काम तुमच्याकडे येतं. सभासदाच्या तक्रार अर्जावर समितीनं पुढच्या बैठकीत निर्णय घ्यायचा आणि तो पंधरा दिवसांत कळवायचा, हेही उपविधींतच आहे.

पंपाच्या ४,२०० रुपयांचं भांडण तुम्ही जन्मभर लढलात तरी संपणार नाही, कारण ते पंपाचं नाहीच. आधी भिंत बघा. त्यानंतरही ते ओरडले तर ओरडू देत, पण तेव्हा तुमच्या बाजूला कागद असेल.

---

सडेतोड

वा, छान चाललंय. शांत कसं राहायचं याचं शिबिरच. आता दुसरी बाजू ऐका, कारण आमच्या सोसायटीतला क्ष मीच आहे.

तीन वर्षं मी लेखापरीक्षणाचा दोषदुरुस्ती अहवाल (ऑडिटरनं काढलेल्या चुका कशा सुधारल्या त्याचा कागद) मागत होतो. नीट, लेखी, "माननीय सचिव" वगैरे. उत्तर काय, तर हसून "काका, बघतो ना". लिफ्टमध्ये भेटले की "काका, तब्येत कशी?" मी मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटला त्या आठवड्यात कागद घरपोच आला. मग सांगा, मी यातून काय शिकायचं?

तुम्ही म्हणता ना, शांत राहणारी माणसं. त्यांचाच जास्त संताप येतो. मऊ आवाजात "आपण नंतर बोलू" म्हणतात आणि ते नंतर कधीच येत नाही. मी ओरडलो तर मी भांडखोर आणि तीन वर्षं कागद दाबून ठेवणारा सुसंस्कृत. तुमच्या क्ष साहेबांना माझा नमस्कार सांगा.

---

बोकोबा

पॉपकॉर्न आणतो.

---

नाइलाजाने_खजिनदार

@सडेतोड, तुम्हाला कागद तीन वर्षं मिळाला नाही हे चूकच झालं. आमच्या क्ष साहेबांना भिंतीचं उत्तर लेखी देतोय. "टोळी" या शब्दाबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही.

---

पुरणयंत्र

मी वाचनमात्र असते, पण सडेतोड यांच्या प्रतिसादानं राहवेना. माझी बाजू घरातली आहे.

"तू शांत राहा" हे आमच्या घरात फक्त मला सांगितलं जातं. गौरीजेवणाच्या दिवशी, माझे हात पुरणात, आणि एक नातेवाईक बाई (नातं सांगत नाही, इथं वाचत असतील) स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणणार, "आमच्या वेळी सोळा भाज्या घरी निवडायचो, हल्ली चिरलेल्या मिळतात म्हणे." मग डोळ्यांत पाणी. मग सासरे बाहेरून, "काय झालं?" आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. मी एक अक्षर बोललेली नसते. ज्या बाई रडतात त्यांना कुणी शांत राहायला सांगत नाही, कारण त्या ऐकणार नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं. जी ऐकते तिलाच सांगायचं.

म्हणून मी शांत राहणं सोडलं. भांडत नाही, पण दोन गोष्टी बदलल्या. पहिली, कुणी फोन करून "ती तुझ्याबद्दल असं असं म्हणत होती" सुरू केलं की मी म्हणते, "थांबा, तिलाच कॉन्फरन्सवर घेते, समोरासमोर होऊन जाऊ दे." आजवर एकानंही घेऊ दिलं नाही. निरोप येणंच बंद झालं. दुसरी, टोमणा आला की मी त्याचा सरळ अर्थ घेते. "चिरलेल्या मिळतात म्हणे." "हो, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे, तुम्हाला आणून देऊ का?" यात खोच नको हां, खरंच विचारायचं. गेल्या वर्षी आणून दिल्याही.

रागच येत नाही असं मुळीच नाही. रात्री भांडी जरा जोरात लागतात.

---

मनोमनी

मी समुपदेशक आहे, व्यवसायातले दोन मुद्दे सांगते.

पुरणयंत्र यांनी जे केलं त्याला आमच्याकडे एक चौकट आहे. स्टीफन कार्पमन या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६८ मध्ये नाट्याचा एक त्रिकोण मांडला. छळणारा, बळी आणि तारणहार अशा त्यात तीन भूमिका, आणि माणसं त्या भराभर बदलतात. दारात टोमणा मारणाऱ्या बाई पहिल्या क्षणी छळणाऱ्या आणि डोळ्यांत पाणी येताच बळी; बाहेरून येणारे सासरे तारणहार. मग छळणाऱ्याची रिकामी जागा कुणाला द्यायची? जी हाताशी आहे तिला. सभेतही तेच होतं. "काकांना बोलू द्या हो" म्हणणारा चांगला माणूस तुम्हाला क्षणात खलनायक करतो. तुमच्या बाजूनं क्ष साहेबांवर तुटून पडणारे चौघंही तारणहारच. त्यांना आधीच भेटून "माझ्या वतीनं भांडू नका" असं सांगून ठेवा. क्ष साहेबांपेक्षा तेच जास्त आग लावतात, हा माझा अनुभव.

दुसरा मुद्दा थरथरणाऱ्या कागदाचा. आत उकळत असताना चेहरा कोरा ठेवण्याची किंमत शरीर मोजतं. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी १९९० च्या दशकात लोकांना अंगावर येणाऱ्या चित्रफिती दाखवल्या. ज्यांना भावना चेहऱ्यावर दिसू देऊ नका असं सांगितलं होतं त्यांचे चेहरे शांत होते, पण शरीरातला ताण इतरांपेक्षा वाढला होता. तेव्हा "दाखवायचं नाही" हा प्रयत्नच सोडा. सरळ म्हणा, "मला आत्ता राग आलाय, त्यामुळे मी कागद वाचून उत्तर देते." लोक हसणार नाहीत, उलट सुटका झाल्यासारखे बघतील.

आणि श्वास. बाहेर सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणं लांबवायचं. मात्र पूर्ण भडकल्यावर यानं फार काही होत नाही. नवरा-बायकोच्या भांडणांचा अभ्यास करणारे जॉन गॉटमन सांगतात, नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की ऐकून घेण्याची ताकदच घटते आणि शरीर खाली यायला निदान २० मिनिटं लागतात. सभेत वीस मिनिटं कुठून आणायची हा प्रश्न आहे, खरं.

---

बोकोबा

बटाटेवडे मध्यंतरात ठेवा. गरम वडा तोंडात असताना माणसाला टोळी म्हणता येत नाही.

---

निवृत्त_सहकारी

बोकोबा चेष्टा करताहेत, पण सूचना व्यवहार्य आहे. सभेचं कामकाज अध्यक्ष चालवतात, ते दहा-पंधरा मिनिटं तहकूब करू शकतात.

आणखी एक. सभेत प्रत्येक प्रश्नाला खजिनदारानं उभं राहून उत्तर द्यायचं, ही पद्धत कुणी पाडली? प्रश्न अध्यक्षांना विचारायचा, अध्यक्ष सांगतील तेव्हा आपण बोलायचं. हिशेबाचे प्रश्न सभेआधी लेखी मागवा. नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी द्यायचीच असते, तिच्यातच ही ओळ टाका. आणि रात्री पावणेबाराच्या मेसेजला ग्रुपवर उत्तर कशाला? ग्रुप म्हणजे संस्थेचं दफ्तर नव्हे. "अर्ज कार्यालयात द्यावा, बैठकीत निर्णय होईल" एवढं सकाळी लिहायचं. दुसरी ओळ नाही.

---

कडक_इस्त्री

एवढं करूनही शिवीगाळ केली तर?

---

निवृत्त_सहकारी

तर मात्र सोसायचं नाही. साक्षीदारांची नावं लिहून ठेवायची, पोलीस ठाण्यात एनसी (अदखलपात्र तक्रार) नोंदवायची. धमकी किंवा धक्काबुक्की असेल तर त्याच रात्री जायचं.

---

मावळतीचा_वारा

क्ष साहेबांना कमी ऐकू येतं का हे पाहिलंत का कुणी? आमच्या वडिलांचा आवाज त्यामुळे चढायचा, यंत्र घेतल्यावर निम्मी भांडणं मिटली.

---

नाइलाजाने_खजिनदार

@मावळतीचा_वारा, त्यांचे कान उत्तम आहेत. लिफ्टचं दार बंद झाल्यावर आत कोण काय बोललं तेही त्यांना ऐकू येतं.

---

नाइलाजाने_खजिनदार

झाली एकदाची सभा. सविस्तर लिहिते, कारण निरोपांमधून बरेच जण विचारताहेत.

नोटीस निघण्याआधीच कमिटीनं प्लंबर आणि वॉटरप्रूफिंगवाला नेऊन क्ष साहेबांची भिंत पाहिली. ओल खरीच होती. पाऊस थांबल्यावर काम, असं लेखी पत्र त्यांना दिलं. पत्र घेताना ते म्हणाले, "तारीख घातलेली नाही." सचिवांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी पेन पुढे केलं, "दिवाळीनंतरचा पहिला आठवडा लिहू?" लिहिलं, सही केली, दिलं.

सभेत विषय क्रमांक एकला ते उठलेच. चष्मा दोरीला. "मॅडम, एक साधा प्रश्न." अध्यक्षांनी सांगितलं, प्रश्न मला विचारा. त्यावर पाच मिनिटं वाद. आवाज चढला, माझे कान तापले, कागद थरथरला. मी अध्यक्षांची परवानगी घेऊन म्हटलं, "साहेब, इतिवृत्तात नेमकं काय लिहू?"

ते थांबले. मग म्हणाले, "लिहा, पंपाच्या खर्चात गैरव्यवहार..." मी लिहायला लागले, मोठ्यानं उच्चारत. "गैरव्यवहार... कुणी केला?" ते म्हणाले, "तसं नका लिहू. अनियमितता लिहा." "अनियमितता. कोणती?" फोल्डर उघडलं. पानं उलटली. मागून कुणीतरी खाकरलं. शेवटी लिहिलं गेलं ते असं: ‘यापुढे ३,००० रुपयांवरील दुरुस्तीसाठी दोन दरपत्रके घ्यावीत.’ सूचक क्ष साहेब. अनुमोदनाला मी हात वर केला, कारण सूचना चांगलीच आहे. ठराव एकमतानं मंजूर.

माझ्या बाजूच्या चौघांना आधीच गप्प राहायला सांगितलं होतं. त्यातल्या तिघांनी ऐकलं.

मध्यंतरात वडे दिले. (बोकोबा, तुमचं म्हणणं चुकलं. तोंडात वडा असतानाही माणूस पार्किंगबद्दल बोलू शकतो.) पार्किंगच्या विषयावर पुन्हा आवाज चढला, "टोळी" हा शब्द पुन्हा आला, या वेळी सचिवांना उद्देशून. ते तिथंच राहिलं. सभा साडेदहाला संपली. त्याच रात्री ग्रुपवर मेसेज आलाच. मी सकाळी एक ओळ लिहिली.

आणि आता ताजी खबर: त्यांनी पार्किंगबद्दल उपनिबंधकांकडे तक्रार केल्याचं कळतंय. मला पूर्वीसारखी झोप उडाली नाही, पण काय करायचं ते सांगा.

---

सडेतोड

दोन दरपत्रकांची सूचना उत्तम आहे. आमच्याकडे मांडतो. हात न आपटता.

---

निवृत्त_सहकारी

तक्रारीची प्रत आणि खुलासा मागणारं पत्र येईल. दिलेल्या मुदतीत उत्तर द्या, एका पानात. पार्किंग वाटपाचा ठराव, नोंदवहीचा उतारा, चिठ्ठ्या टाकून वाटप केलं असेल तर त्या सभेचं इतिवृत्त, एवढं जोडा. तक्रारदाराच्या स्वभावाबद्दल एक शब्द लिहू नका. सचिवांना मसुदा लिहू देऊ नका, ते दुखावलेले आहेत.

---

डबलबेल

ताई, तुम्ही अनुमोदन दिलं ते लई भारी झालं. आणि भिंतीचं काम दिवाळीनंतर करताय ना? त्या कागदाची एक झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा.